अवघड जागेचे दुखणे

१७९३ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या ११ तारखेला लंडनमधील एका प्रौढ गृहस्थाने आपल्या जिवलग मित्राला एक पत्र लिहिले. पत्र लिहिणारा शब्दांचा धनी होता. सहा जाडजूड खंड लिहूनही ज्याची लेखणी कोठे अडखळली नाही असा. परंतु या पत्रात तो चाचपडत, आडवळणाने, थोडीशी थट्टा करून विषयाकडे येतो. इतक्या वर्षांच्या सहवासात माझ्या तंग विजारीखाली काही वावगे आहे असे तुझ्या कधी नजरेस आले नाही काय, असा त्याचा प्रश्न आहे. आणि मग तो सांगतो की, गेली कित्येक वर्षे वाढत आलेली एक गाठ आता फारच मोठी झाली आहे आणि शस्त्रवैद्यांना दाखविल्यावाचून गत्यंतर उरलेले नाही.

हे गृहस्थ म्हणजे रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा आणि विनाशाचा इतिहास लिहिणारे एडवर्ड गिबन. ज्यांना पत्र लिहिले ते लॉर्ड शेफील्ड.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने गिबनचा ग्रंथ वाचावा, त्याच्या विजारीकडे कशाला पाहावे, असे कोणी म्हणेल. एम.ए.च्या वर्गात असताना मीही तसेच म्हटले असते. त्याच्या आजाराची हकीकत मी तेव्हा वरवर चाळून सोडून दिली होती. ती पुन्हा उघडून वाचावयास लागले ते गेल्या वर्षी, आणि त्याला कारण घडले आमच्या अंगणातील वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी दिवाळीनिमित्त आमच्याकडे राहावयास आले होते. नोकरीमुळे माझे बिऱ्हाड भोपाळला. ते एरवी गावीच राहतात. दोरीवर एके दिवशी जुन्या धोतराचा शिवलेला एक विचित्र पट्टा दिसला. मध्यभागी घड्या घालून केलेली जाड गादी, दोन्ही बाजूंना नाड्या, आणि टाके सगळे पुरुषी हाताचे. सौभाग्यवतींनी तो मला नुसता दाखविला आणि काही न बोलता आत निघून गेल्या. संध्याकाळी मी विचारले तेव्हा अण्णा प्रथम रागावले, मग गप्प बसले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “सहा वर्षं झाली. निजलं की आत जातं. त्यात सांगण्यासारखं काय आहे?”

अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमचे जावई डॉक्टर नाहीत, बँकेत आहेत. तरीसुद्धा सहा वर्षे गेली.

या विकाराला मराठीत अंतर्गळ असा अर्थवाही शब्द आहे. हर्निया हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोहोचला असला तरी अंतर्गळ म्हटले की काय घडते ते डोळ्यांपुढे उभे राहते. पोटाची भिंत एखाद्या जागी दुबळी होते आणि आतले आतडे वा त्यावरील चरबीचा पडदा त्या फटीतून बाहेर गळतो. पुरुषांत ही फट बहुधा जांघेत असते. उभे राहिले, खोकले, जड उचलले की फुगवटा येतो. आडवे झाले की बहुधा नाहीसा होतो. धोका एकच, पण मोठा. बाहेर आलेले आतडे फटीत अडकून बसले आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत ते मरू लागते.

सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला एक अंत्रवृद्धी हा आहे. ओझे वाहणे, आपल्याहून बलवानाशी झोंबी घेणे, झाडावरून पडणे ही त्याची कारणे म्हणून दिली आहेत. दाबले असता आवाज होऊन आत जाते आणि सोडले की पुन्हा फुगते, हे लक्षणही तेथे आहे. पाहून लिहिणाऱ्याचेच हे लेखन. उपचाराचा विचारही तितकाच रोखठोक आहे. जांघेतच असलेली वृद्धी अर्धचंद्राकार तोंडाच्या शलाकेने डागावी, म्हणजे तिचा मार्ग बंद होईल. मात्र जी खाली वृषणकोशात उतरली तिला हात लावू नये. कोठे थांबावे हे सांगणे हा वैद्यकाचाच भाग आहे, अशी त्या ग्रंथकाराची समजूत दिसते. अण्णांना हे वाचून दाखविले तेव्हा डाग देण्याचा भाग त्यांना मुळीच आवडला नाही, पण हात लावू नये हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचावयास लावले!

आता गिबनकडे वळण्यापूर्वी एका राणीची हकीकत सांगितली पाहिजे. गिबनचा जन्म १७३७ सालचा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाची राणी कॅरोलिन अंतर्गळानेच मरण पावली. १७२४ साली तिचे शेवटचे बाळंतपण झाले तेव्हापासून तिच्या बेंबीपाशी अंतर्गळ होता. राजाला तो ठाऊक होता. परंतु कोणाला सांगावयाचे नाही असे तिने त्याच्याकडून वचन घेतले होते. ९ नोव्हेंबरला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, उलट्या होऊ लागल्या. राजवैद्यांनी पोटशूळ समजून काढे दिले, रक्त काढले. आणि ती एवढ्या वेदनांतही आपल्या बेंबीविषयी चकार शब्द बोलली नाही. दोनतीन दिवसांनी अखेर राजानेच वचन मोडून शस्त्रवैद्य जॉन रॅन्बी याला खरे ते सांगितले. तोवर वेळ निघून गेली होती. गाठ उघडून पाहिली, आत सडण्यास आरंभ झाला होता. पुढे आतडे फुटले, आणि २० तारखेच्या रात्री राणीने प्राण सोडला. तिचे वय ५४ होते. दरबारातील लॉर्ड हर्वी हा सर्व काळ तिच्या महालात जात येत होता. त्याच्या आठवणी छापून बाहेर आल्या त्या १८४८ साली, म्हणजे तब्बल १११ वर्षांनी.

कॅरोलिन ही अडाणी बाई नव्हती. तत्त्वज्ञ लायबनित्झशी तिचा पत्रव्यवहार होता. प्रजेला धीर यावा म्हणून देवीची टोचणी स्वतःच्या मुलींना करवून घेणारी ती आई होती. शास्त्रावर जिचा एवढा विश्वास, तिने स्वतःचे दुखणे तेवढे पदराखाली झाकून ठेवावे! ज्ञान आणि लाज यांची घरे एका माणसाच्या ठायी वेगवेगळी असतात, हे मान्य केल्याखेरीज या गोष्टीचा उलगडा होत नाही.

गिबनची गोष्ट अधिक लांबलेली, आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगी आहे. १७६१ च्या सुमारास, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हॅम्पशायरच्या नागरी पलटणीत कप्तान असताना तो सीझर हॉकिन्स या नामांकित शस्त्रवैद्याकडे गेला. हा अंतर्गळ की अंडवृद्धी, म्हणजे पाणी साठलेले, याचा निर्णय हॉकिन्सला एका तपासणीत करता आला नाही. लंडनला याल तेव्हा पुन्हा दाखवा, असे त्याने सांगितले. गिबन पुन्हा गेला नाही. एक वर्ष नव्हे, दोन वर्षे नव्हे, बत्तीस वर्षे गेला नाही. या बत्तीस वर्षांत त्याने आपला महाग्रंथ लिहून पुरा केला, पार्लमेंटात बसला, व्यापार मंडळावर सरकारी जागा भोगली (त्या जागेवर काम फारसे नसे असे त्यानेच कबूल केले आहे, हे मी एक सरकारी नोकर म्हणून थोड्या मत्सराने सांगतो). गाठ वाढत होती. शेफील्डने पुढे लिहिले आहे की, स्वतःविषयी सर्व काही मोकळेपणाने बोलणारा हा माणूस याच गोष्टीचा उल्लेखही का करीत नाही याचे मला कोडे पडे. त्याने गिबनच्या खाजगी नोकराला विचारले, तेव्हा कळले की, त्या विषयाची नुसती सूचनाही मालकांना सहन होत नाही.

गिबनला मूर्ख ठरविणे सोपे आहे. परंतु १७६१ साली अंतर्गळावर शस्त्र चालविणे म्हणजे काय होते? भूल नव्हती, ईथरचा पहिला जाहीर प्रयोग बॉस्टनला झाला तो १८४६ च्या ऑक्टोबरात. जंतूंची कल्पना नव्हती. लिस्टरचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख आले १८६७ मध्ये. युरोपातील गावोगाव हिंडणारे अंतर्गळ कापणारे लोक पुष्कळदा त्या बाजूचे वृषणच काढून टाकीत. लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७५६ साली अंतर्गळावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि शहाणे शस्त्रवैद्य आतडे अडकून जिवावर बेतल्याशिवाय सुरी हाती घेत नसत. अशा काळात चोवीस वर्षांच्या तरुणाने, ज्याला काही दुखत नव्हते त्याने, शस्त्रक्रिया नको म्हटले तर तो निर्णय बरोबरच होता असे माझे मत आहे. त्याचे चुकले ते निराळ्या ठिकाणी. हॉकिन्सने त्याला कापून घे म्हटले नव्हते. पुन्हा ये म्हटले होते. पाणी असेल तर नळी घालून काढता येत होते, अंतर्गळ असेल तर पट्टा बांधता येत होता. शस्त्रक्रिया न करणे आणि वैद्याला न दाखविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. आपल्या मनात मात्र त्या बेमालूम एक होऊन जातात.

१७९३ साली शेफील्डची पत्नी वारली, तेव्हा मित्राचे सांत्वन करण्यासाठी गिबन स्वित्झर्लंडमधील लोझानहून निघाला. फ्रान्सशी युद्ध जुंपलेले, त्यामुळे जर्मनीतून वळसा घालून, तसल्या स्थूल देहाने, तसल्या गाठीसह त्याने हा प्रवास केला. माझ्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातील हे सर्वांत धाडसी कृत्य आहे. १४ नोव्हेंबरला हेन्री क्लाइन या शस्त्रवैद्याने नळी घालून चार क्वार्ट, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी काढले. गिबन त्या वेळीही विनोद करीत होता म्हणतात. गाठ सुमारे निम्मी झाली; राहिलेला भाग मऊ, वेडावाकडा होता. अंडवृद्धीच्या जोडीला अंतर्गळही होता असे पुढच्या काळातील जाणकार म्हणतात ते यावरून. दहा दिवसांनी पुन्हा तीन क्वार्ट. मग तो मित्राच्या गावी गेला, ताप आला, जागा सुजली आणि चिघळली. १३ जानेवारी १७९४ ला तिसऱ्यांदा सहा क्वार्ट पाणी निघाले. त्यानंतर एक दिवस बरे वाटले. गप्पागोष्टींत तो म्हणाला की, अजून दहा, बारा, कदाचित वीस वर्षे आपण जगू. १६ जानेवारीच्या दुपारी तो गेला. वय ५६.

ज्या क्लाइनने ही नळी घातली त्याच्याच हाताखाली अॅस्टली कूपर नावाचा तरुण तयार झाला होता. त्याने १८०४ मध्ये अंतर्गळाच्या शरीररचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पोटाच्या भिंतीचे थर प्रथम नीट उलगडून दाखविले. फट कोठे असते हे आता कळले. ती शिवावी कशी, हे कळावयास आणखी ऐंशी वर्षे लागली.

ते काम केले इटलीच्या एडोआर्डो बासीनीने. हा माणूस मला फार आवडतो. वैद्यकाची पदवी घेतल्यावर तो गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत शिरला आणि १८६७ साली रोमच्या वेशीवर झालेल्या चकमकीत संगिनीचा घाव त्याला जांघेजवळ ओटीपोटात बसला. आतडे दुखावले, जखमेतून मळ येऊ लागला, शत्रूच्या कैदेत पडला. आणि अशाही स्थितीतून तो वाचला. पोटाच्या याच भागाच्या दुरुस्तीला पुढे त्याने आयुष्य वाहिले. त्याच्यापूर्वीचे शस्त्रवैद्य बाहेरचे तोंड शिवीत, आणि अंतर्गळ पुन्हा पुन्हा उलटे. बासीनीने १८८४ पासून मागची भिंतच रेशमी टाक्यांनी नव्याने उभी करण्यास आरंभ केला. १८८९ साली त्याने अडीचशेंहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब छापला. रोग्यांना घरी पाठवून तो विसरला नाही. कित्येकांची वर्षानुवर्षे पुन्हा तपासणी करून किती उलटले ते त्याने मोजले, आणि ते फारच थोडे निघाले. पाडुआच्या रुग्णालयात बसून त्याने जे केले ते, शांत डोक्याने पाहिले तर, दप्तर राखण्याचे काम होते. माझ्या व्यवसायातील लोकांना याचे मोल समजावे.

शस्त्रक्रिया सुधारली तरी शस्त्रक्रियेनंतरची रीत मात्र जुनीच राहिली. टाके तुटतील या भीतीने रोग्याला दोन दोन, तीन तीन आठवडे पाठीवर निजवून ठेवीत. म्हाताऱ्या माणसाला हे निजणेच मारी. पायांच्या शिरांत रक्त गोठे, छातीत कफ साठे. आमच्या आजोबांच्या पिढीला शस्त्रक्रियेची जी धास्ती होती ती सुरीपेक्षा या खाटेचीच अधिक असावी. १९५५ मध्ये एडिंबरोच्या फार्कहरसन या शस्त्रवैद्याने ४८५ शस्त्रक्रियांचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये दिला. रोग्यांना त्याने जागेपुरती भूल दिली होती आणि त्याच दिवशी ते घरी गेले होते. पुढे कृत्रिम धाग्यांची जाळी आली. अमेरिकेत अशरने १९५८ च्या सुमारास ती वापरात आणली आणि लिख्टेनस्टाइनने १९८० नंतर ताण न देता जाळी बसविण्याची पद्धत रूढ केली. दुर्बिणीतून करण्याची रीतही आता सर्वत्र माहीत आहे. या सगळ्याचा तपशील कोणीही शस्त्रवैद्य माझ्याहून चांगला सांगेल.

मला विशेष वाटते ते पुढच्या शोधाचे. शस्त्रक्रिया इतकी सुलभ झाल्यावर, दिसला अंतर्गळ की शिवावा, असा परिपाठ पडला होता. तेव्हा अमेरिकेतील काही शस्त्रवैद्यांनी उलटा प्रश्न विचारला: त्रास नसेल तर वाट पाहिली तर काय होते? जांघेचा अंतर्गळ असलेले पण विशेष त्रास नसलेले ७२० पुरुष घेऊन त्यांनी निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली, निम्म्यांवर नुसते लक्ष ठेवले. २००६ साली निष्कर्ष आला. आतडे अडकण्याचा प्रसंग हजार माणसांमागे वर्षाला दोनहूनही कमी वेळा आला. म्हणजे वाट पाहणे हा भित्रेपणा नव्हे, शास्त्रशुद्ध मार्ग आहे. परंतु त्याच मंडळींनी पुढे वर्षानुवर्षे नोंद ठेवली, आणि २०१३ मध्ये सांगितले की, वाट पाहणाऱ्यांपैकी सुमारे ६८ टक्क्यांनी दहा वर्षांच्या आत अखेर शस्त्रक्रिया करून घेतली असा हिशेब निघतो; पासष्टीच्या पुढच्यांत हे प्रमाण ७९ टक्के होते. कारण बहुधा एकच, दुखू लागले. हे सारे पुरुषांपुरते. स्त्रियांचा जांघेतील अंतर्गळ अडकण्याची भीती अधिक असते, आणि त्यांनी थांबावे असे कोणी सांगत नाही.

आमच्या शस्त्रवैद्यांनी अण्णांना हे दोन्ही आकडे सांगितले. घाई नाही म्हणाले. गाठ आडवे झाल्यावर जात नाहीशी झाली, ताठ होऊन दुखू लागली, उलट्या आल्या, तर मात्र रात्र असली तरी निघावयाचे, असे बजावले. मग त्यांनी एक साधा प्रश्न केला: “या सहा वर्षांत तुम्ही काय काय करणं सोडलंत?”

अण्णा विचार करू लागले. मारुतीच्या देवळापलीकडचे फिरणे सोडले. पूजेला जमिनीवर बसणे सोडले. एस्‌टीने बहिणीच्या गावी जाणे सोडले, कारण वाटेत उभे राहावे लागले तर काय. विहिरीवरची बादली दुसऱ्या हाताने, मग अर्धी, मग मुळीच नाही. एकेक गोष्ट सुटली तेव्हा कोणालाच कळली नव्हती, त्यांनाही नाही. यादी संपल्यावर ते म्हणाले, “करून टाका.”

लगेच मात्र केले नाही. लघवीला जोर द्यावा लागतो हे त्यांनी आणखी एक गुपित सांगितले. तेव्हा आधी त्याचे औषध, खोकल्याचे औषध, बद्धकोष्ठाचे औषध, असे दोन महिने गेले. जोर द्यावा लागण्याचे कारण तसेच ठेवून भिंत शिवली तर ती पुन्हा ताणली जाणार. शस्त्रक्रिया तासाभरात झाली. संध्याकाळी त्यांना चालविले, तेव्हा त्यांच्यापेक्षा मीच अधिक घाबरलो होतो.

तिसऱ्या दिवशी जांघेपासून खालपर्यंत सगळे काळेनिळे झाले. हे आम्हांला आधी सांगितले असूनही आमची झोप उडाली. आठवड्याभरात ते पिवळे पडून गेले. उठताना कुशीवर वळून हाताच्या रेट्याने उठावयाचे, खोकताना उशी दाबून धरावयाची. जखमेच्या खाली हातभर जागा बधिर होती. ती बरीचशी आता जागी झाली आहे. काहींना दुखणे महिनोन्‌महिने राहते, असे शस्त्रवैद्यांनी झाकून ठेवले नव्हते. अण्णांच्या वाट्याला ते आले नाही. चार आठवडे बादलीला हात लावावयाचा नव्हता. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा नळाखालची बादली जागेवर नव्हती, आणि अण्णा बागेतील तुळशीला पाणी घालीत होते. बादली अर्धीच होती, असे त्यांचे म्हणणे.

गिबनने स्वतःचे चरित्र सहा वेळा लिहावयास घेतले आणि सहाही खर्डे अपुरे ठेवले. त्यांत या दुखण्याला जागा नाही. आपल्याला जे कळते ते शेफील्डमुळे. मित्राचे कागद १७९६ साली छापताना त्याने मृत्यूची हकीकत, तारखांसह आणि काढलेल्या पाण्याच्या मापांसह, शेवटी जोडून दिली. गिबनला ससेक्समधील फ्लेचिंगच्या चर्चमध्ये शेफील्डच्याच घराण्याच्या दफनगृहात ठेवले आहे. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “त्या नोकराला माहीत होतं ना? मग तो बोलला का नाही?” आमच्या घरात हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले आणि किती दिवस आधी, हे मी सौभाग्यवतींना अद्याप विचारलेले नाही.